सहावा वाडगा

तय्यबाला दिवसातून दहा वेळा राग यायचा, आणि दहाही वेळा तिचं बरोबरच असायचं.

आता तुम्हीच सांगा. धामणकर नाक्याच्या मागची गल्ली. एका बाजूला कापड विणायच्या लूमचे सुटे भाग मिळतात, दुसऱ्या बाजूला रिक्षाच्या सीटा शिवून देतात. मधल्या एका शटरात या बाईने जपानी वाडगे, पेले, बश्या आणि चहाच्या किटल्या विकायला मांडल्या. एकेक वस्तू हाताने निवडलेली. मुंबईच्या व्यापाऱ्याकडे जायचं, खोकी उघडायला लावायची, वाडगा तळहातावर घ्यायचा, कड ओठाला लावून बघायची. जरा बोचली की परत. तो व्यापारी तिला बघितलं की कपाळाला हात लावायचा. आणि एवढं सगळं करून गिऱ्हाईक काय करतं? पेला उलटा करतं, बुडावरची अक्षरं बघतं आणि विचारतं, "चायना का माल है?"

"जपान का है."

"हां, वही. चायना."

अरे, वही काय वही!

दुकानाची जागा म्हणजे तिच्या नवऱ्याची, मजीदची, जुनी सुताची खोली. भिंतीपलीकडे त्याचे लूम अजून चालतात, आणि चालू झाले की इकडे फळ्यांवरचे पेले किणकिणायला लागतात. सुरुवातीलाच एक किटली अशी थरथरत थरथरत फळीच्या कडेला आली आणि खाली पडली. तेव्हापासून तय्यबाने प्रत्येक भांड्याखाली कापडाचा दुहेरी तुकडा घातला. मजीद म्हणायचा, "माझे तागे कापून तू भांड्यांना गाद्या शिवतेस." बाईमाणसाने नाक्यावर बसून असली खेळणी विकायची का, असं बोलणारे नातेवाईकही होते. त्यांना ती भीक घालत नव्हती. दुकान तिचं होतं, निवड तिची होती, आणि तिथून बाहेर पडलेल्या मालात खोट निघाली असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

म्हणजे, दिशाचं लग्न होईपर्यंत तरी नव्हतं.

दिशा दापोड्याची. तिथल्याच एका गोदामात पॅकिंगला होती. दिवसभर लोकांच्या भांड्यांना कागद गुंडाळायचा, खोक्यात भरायची, चिकटपट्टी मारायची. पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आपा, हात लावू का?"

असं कोणी विचारत नाही हो. लोक सरळ उचलतात आणि आपटतात. तय्यबा तिथेच त्या पोरीवर खूश झाली.

दिशाने निळ्या रेघांचा एक वाडगा उचलला. दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माझं लगीन हाय. खारबावला दिलीय. रुखवतात हे मांडनार. इतकी वर्षं लोकांची भांडी बांधली, आता ही माझी."

"आईबाबा येतील ना घ्यायला?"

"न्हाय आपा. माझ्या पगाराचं हाय. त्यांनी बाकी सगलं घेतलंय. हे माझं मी घेनार."

तय्यबाने खोका काढला, उघडून दाखवला, वर स्पष्ट बजावलं, "हे बघ, संच पाचाचा असतो हां. जपानात पाचच. आपल्यासारखे सहा नसतात."

दिशा हसली. "चांगलं हाय की. ओटीत पन पाचच फलं घालतात."

तय्यबाने तिला एक लहानशी बशी वरून दिली, लग्नाची भेट म्हणून. पोर रिक्षात बसली ती खोका मांडीवर घेऊन, जसं कोणी तान्हं मूल घेऊन बसतं तशी. विषय संपला, असं तय्यबाला वाटलं.

कुठला संपतो! लग्नानंतर एका दुपारी दिशाची सासू दुकानात आली. गोदूबाई तिचं नाव. अंगावर ठसठशीत दागिने, हातात पिशवी, मागे मुलगा दीपेश, म्हणजे दिशाचा नवरा. गोदूबाईने पिशवीतला एक निळा वाडगा काढला आणि काउंटरवर असा ठेवला की आजूबाजूचे चार पेले वाजले.

"भाबी, याचा जोडीदार द्या."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? सहावा. तुमी आमच्या सुनंला पाच दिलेत. रुखवत मांडला, सगला गाव बगायला. आन माझी जाऊ सगल्यांसमोर मोजते, एक, दोन, तीन, चार, पाच. आन बोलते, गोदू, सहावा कोनी खाल्ला? लोकं हसली मला! भर मांडवात हसली!"

"अहो, संच पाचाचाच असतो," तय्यबा म्हणाली. अजून तिचा आवाज ठिकाणावर होता.

"कुठं असतो? पेले सहा, बश्या सहा, वाट्या सहा. आमी शेतावरची मानसं असू, पन मोजता येतं आमाला. एक फुटला असंल, तो काढून पाच गल्यात मारलेत पोरीच्या."

झालं. तय्यबाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने फळीवरून नवा खोका काढला, झाकण उघडलं, आतले कप्पे दाखवले. "बघा! कप्पेच पाच आहेत. सहावा कुठे ठेवणार, डोक्यावर?"

गोदूबाईने खोक्यात डोकावलंसुद्धा नाही. "खोका पन तुमचाच."

"ओटीत फळं किती घालता? पाच ना? हळदीला सवाष्णी किती बोलावता? पाच ना? मग वाडग्यांनी काय पाप केलं?"

"त्ये देवाचं. ह्ये घरातलं. देवाचं घरात आनायचं न्हाय." गोदूबाई काउंटरवर हात टेकून उभी राहिली. "भाबी, आमी घरात पाच जनं. सून आली, सहावी झाली. आता सहाव्या मानसाला मी काय देऊ, ते सांगा."

हे वाक्य तय्यबाने ऐकलं, पण कानावरून जाऊ दिलं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घणघणत होती: मला चोर म्हणाली, माझ्या दुकानात उभं राहून मला चोर म्हणाली.

"ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "माझा माल पुरा आहे."

दीपेश तेवढ्या वेळात मोबाइलमधून एकदाच वर बघून म्हणाला, "चल ना आई." बस. बायकोच्या वस्तूवरून एवढा तमाशा चाललाय आणि याला घाई कसली, तर घरी जायची.

दुसऱ्या दिवशी दीपेशच्या बहिणीने मोबाइलवर स्टेटस ठेवलं. पाच वाडग्यांचा फोटो, आणि खाली, "नाक्यावरच्या जपानी दुकानात मोजून घ्या." ते खारबावातून निघालं आणि कुठे कुठे गेलं कोण जाणे. तय्यबाकडे येणाऱ्या बायका आता आधी मोजायला लागल्या. एका बाईने किटली घेतली आणि विचारलं, "झाकण यातच धरलंय ना, की वेगळं?" दुसरीने दोन पेल्यांची जोडी मोजली. दोन पेले! मोजून! तय्यबाने दात खाल्ले आणि कागद गुंडाळून दिला.

मजीद रात्री जेवताना म्हणाला, "एक वाडगा देऊन टाक. बला टळेल."

"का देऊ?"

"दुकानाचं नाव खराब होतंय."

"आणि दिला तर काय होईल? तुमच्या ताग्यात कापड कमी आहे असं कोणी खोटं बोललं, आणि तुम्ही गुपचूप मीटरभर कापड आणून दिलं, तर बाजार काय म्हणेल? मजीदभाई दिलदार आहे म्हणेल? म्हणेल, आधी मारलं होतं, आता ओकलं."

मजीद लूमवाला माणूस. कमी मापाचा आळ म्हणजे काय, ते त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

असे दिवस गेले. मग एका संध्याकाळी, दापोड्याच्या गोदामातून सुटून खारबावला जाताना, दिशा दुकानात आली. आता गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, खांद्याला डब्याची पिशवी. दारातच उभी राहिली.

"ये," तय्यबा म्हणाली, पण तिचा आवाज कोरडाच होता. "काय गं, तुला सांगितलं नव्हतं का मी, पाच असतात म्हणून? सासूला बोलली नाहीस?"

"बोलली आपा. दोनदा बोलली. त्या बोलल्या, दुकानवालीची बाजू घेते." ती फळ्यांकडे बघत होती. "एखादा सुटा वाडगा हाय का? दुसऱ्या रंगाचा असला तरी चालंल. कड उडालेला असला तरी."

"कड उडालेला मी ठेवत नाही. कोणाला हवा?"

"मला."

"तुझ्याकडे पाच आहेत की."

दिशा अगदी साध्या आवाजात, जसं बसची वेळ सांगावी तसं, म्हणाली, "सासरे, सासूबाई, हे, दीर आन ननंद. पाच झाले ना. सासूबाई बोलल्या, तुझ्याच दुकानवालीनं कमी दिला, मंग तुलाच कमी आला. मी स्टीलच्या ताटलीत जेवते, मागनं. चालतं मला. पन एक असला असता तर बरं वाटलं असतं."

तय्यबाला आधी कळलंच नाही. मग गोदूबाईचं ते वाक्य आठवलं. सहाव्या माणसाला काय देऊ. हा माणूस म्हणजे ही पोर! जिने आपल्या पगारातून ते वाडगे घेतले, मांडीवर धरून नेले, तिचेच वाडगे घरात वाटले गेले, आणि वाटणीत तीच उरली. ती घासते, पुसते, त्यात वाढते, आणि स्वतः मागून ताटलीत जेवते. आणि आपण इतके दिवस कशासाठी जळत होतो? आपल्या नावासाठी!

"या अल्ला," ती म्हणाली, आणि मग तिला जे बोलायचं होतं ते सगळं बोलली. खारबावपर्यंत ऐकू जावं एवढ्या आवाजात. पलीकडचा सीटा शिवणारा मशीन थांबवून बघायला आला.

मग तिने फळीवरचा नवाकोरा खोका ओढला, झाकण उघडलं आणि एक निळा वाडगा बाहेर काढला.

"आपा, न्हाय! संच मोडंल!"

"मोडू दे."

"मी न्हेला तर त्या बोलतील, मीच लपवला व्हता."

हेही खरंच होतं. तय्यबाने क्षणभर विचार केला. "तू नेऊच नकोस. रविवारी मी घेऊन येते."

रात्री मजीदने उघडा खोका बघितला. "उरलेले चार कोण घेणार? तूच सांगत होतीस ना, जपानी लोकांत चारचा उच्चार मरणासारखा लागतो, चार कोणी देत नाही?"

"तुम्ही जेवा त्यात," तय्यबा म्हणाली. "तुम्हाला काही होत नाही."

रविवारी ती रिक्षाने खारबावला गेली. वाडगा कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेला, पिशवीत. वाटेत मनातल्या मनात तिने भांडणाची सगळी तयारी केली होती. पण गोदूबाई दारात येऊन म्हणाली, "या भाबी, या, बसा. पानी आन गं," आणि तयारीतलं अर्धं भांडण तिथेच विरलं. पाहुण्याला पाणी देणाऱ्या घरात लगेच तोंड कसं सोडणार?

"हे दिशासाठी आणलंय," तिने वाडगा काढला. शब्द मोजून, मोठ्याने. "तिच्यासाठी."

गोदूबाईने तो घेतला, नखाने टिचकी मारली, कानाशी धरला. नवऱ्याकडे, राघोकडे, वळली. तिचा चेहरा असा फुलला की काय सांगावं. "बगा! मी बोललीच व्हती. व्हता त्यांच्याकडं!"

तय्यबाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. म्हणजे शेवटी मी चोरच ठरले, तिला वाटलं. ठरू दे. मी माझ्यासाठी आलेले नाही.

"आता जेवल्याबिगर जायचं न्हाय," गोदूबाई म्हणाली. मनापासून म्हणाली, ते खोटं नव्हतं. चटई अंथरली. राघो बसला, दीपेश बसला, त्याचा भाऊ बसला, बहीण बसली. दिशाने प्रत्येकासमोर तांदळाची भाकरी ठेवली, निळ्या वाडग्यांत भात वाढला आणि कालवणाचा टोप आणून सासूच्या गुडघ्याशी ठेवला. ताज्या बोंबलांचं कालवण होतं, वासानेच भूक लागावी असं. मग गोदूबाईने तो नवा, सहावा वाडगा धुऊन आणला, भाताने भरला आणि तय्यबासमोर ठेवला.

"घ्या. तुमी पावन्या. पयला मान तुमचा."

तय्यबा त्या वाडग्याकडे बघत राहिली. "आणि दिशा?"

"ती जेवंल की मागनं. तिची ताटली हाय."

"हा वाडगा मी तिच्यासाठी आणलाय."

"हां हां, तिचाच हाय," गोदूबाई हसली. "सगलं तिचंच हाय. पन पावन्याला एक जास्तीचा लागतो ना घरात? बरं झालं तुमी आनला."

आता मात्र तय्यबाचा संयम सुटला. तिने वाडगा दोन बोटांनी पुढे सरकवला.

"गोदूबाई, तुम्हाला मोजता येतं ना? मग ऐका. पाच होते तेव्हा तुमची सून सहावी होती, म्हणून तिला मिळाला नाही. आज सहा झाले, तर तुम्ही तिला सातवी केलीत. उद्या मी सातवा आणला तर ती आठवी होईल. कमी माझ्या खोक्यात नव्हतं. माझ्या दुकानात येऊन मला चोर म्हणालात, गावभर सांगितलंत, मी ऐकून घेतलं. पण तुमच्या समोर काय आहे? तिच्या पगाराचा वाडगा. तुमच्यापण समोर, दीपेश. तिचा. सगळे तिच्या वाडग्यांत जेवताय आणि ती उभी आहे. लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

राघोचा घास हातातच राहिला. नणंद खाली बघायला लागली. दीपेशने मोबाइल शोधला, पण तो चार्जिंगला लावलेला होता. गोदूबाईचा चेहरा लाल झाला. "भाबी, तुमी आमच्या घरात येऊन..."

"आपा," दिशा म्हणाली.

ती आत गेली. तय्यबाला वाटलं, गेली पोर, रडायला गेली, माझ्या तोंडाने तिचं अजूनच वाईट झालं. पण दिशा लगेच बाहेर आली. तिच्या हातात तिची स्टीलची ताटली होती, स्वच्छ घासलेली. तिने ती तय्यबासमोर ठेवली, त्यात भात वाढला, भाकरी ठेवली.

"आपा, आज तुमी माझ्या ताटलीत जेवा. चालंल ना?"

"चालेल की," तय्यबा म्हणाली, आणि तिने ताटली जवळ ओढली.

दिशाने तो सहावा निळा वाडगा उचलला, दोन्ही हातांत धरून, पहिल्या दिवशी दुकानात धरला होता तसाच. पदर खोचला, आणि तय्यबा आणि नवरा यांच्यामध्ये जी बोटभर जागा होती तिथे बसली. दीपेशला सरकावं लागलं. तो सरकला.

टोप गोदूबाईच्या गुडघ्याशी होता, आणि पळी त्यातच होती. या घरात आल्यापासून दिशाने ती रोज उचलली होती. आज तिने वाडगा पुढे केला.

"आई," ती म्हणाली, "कालवन वाढा."

सगळे टोपाकडे बघत होते. गोदूबाईने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा मुलाकडे. दोघांपैकी कोणीच वर बघितलं नाही. दिशाचा हात तसाच पुढे होता, आणि ती उठणार नव्हती. शेवटी गोदूबाईने पळी उचलली.